मूल खेळताना चावतं, मारतं? आधी हे करा

सोलापूरच्या हुतात्मा बागेत घसरगुंडीवर नंबर येईना म्हणून दोन वर्षांचं पोर शेजारच्याला चावतं. चारचौघांत लाज वाटून आई त्याला धपाटा घालते. त्यातून पोर एकच शिकतं: राग आला की मारायचं.

एक ते तीन वर्षांच्या वयात राग मोठा असतो, शब्द थोडे. भूक, अपुरी झोप, दात येणं यानेही चावणं वाढतं.

काय कराल?

- आधी ज्याला लागलं त्याला जवळ घ्या. कातडी फुटली असेल तर जखम साबण-पाण्याने धुऊन डॉक्टरांना दाखवा.
- मग खाली बसून आपल्या मुलाला शांतपणे सांगा, ‘चावायचं नाही, दुखतं.’
- ‘आता माझा नंबर’ म्हणायला शिकवा.
- त्याला उलट चावून ‘दाखवू’ नका.

तिसऱ्या वर्षानंतरही वारंवार घडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना भेटा.