‘केटल’ म्हणजे आपली कढईच

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याचा पहिला पगार झाला. तो एका मॉलच्या गोदामात कामाला आहे. घरी येताना त्याने आजीसाठी, म्हणजे माझ्या आईसाठी, संत्री आणली आणि धाकट्या बहिणीसाठी चिप्सचे एक पाकीट. पाकीट नेहमीचे चकचकीत नव्हते. हाताला कागदासारखे लागणारे, मळकट काळ्या रंगाचे, वर मोठ्या अक्षरांत ‘केटल कुक्ड, स्वीट चिली’. किंमत पन्नास रुपये, वजन शंभर ग्रॅमही नाही. आईने किंमत विचारली आणि म्हणाली, “एवढ्यात दीड-दोन किलो बटाटे आले असते की रे.”

तरी स्टीलच्या ताटात पाकीट ओतले आणि आम्ही पाचजण भोवती बसलो. खोटे कशाला सांगू, चव छान होती. दहा रुपयांच्या पाकिटातला चिप जिभेवर ठेवला की विरतो. हा विरत नाही, दाढेखाली कडाडून मोडतो. काप जाड, काही दुमडलेले, कडेला सालीची तपकिरी रेघ. आधी गोड लागते, मग आंबट, मग मिरची घशाशी येते. मीठ सगळ्यात शेवटी कळते, तेव्हा हात पुन्हा ताटात गेलेला असतो. भाची बोटांना लागलेली लाल भुकटी चाटत होती.

आईचा हातही थांबेना. तिला तीन वर्षांपासून बीपीची गोळी चालू आहे. लोणचे बंद, पापड बंद, खारवलेली मिरची बंद. मी अडवले तर म्हणाली, “बटाटाच तर आहे माय, त्यानं काय होतंय?” वस्तीत बीपी मोजायला जाते तेव्हा हेच वाक्य घरोघरी ऐकते. म्हणून त्या रात्री पाकिटाची मागची बाजू नीट वाचली.

आधी ‘केटल’ काय ते. हा इंग्रजी शब्द आपण चहाच्या किटलीसाठी वापरतो, इथे त्याचा अर्थ तळणीचे मोठे भांडे. म्हणजे आपली कढईच. मोठ्या कारखान्यात बटाट्याचे पातळ काप धुऊन त्यांचा पिठूळपणा काढतात आणि पट्ट्यावरून उकळत्या तेलातून न थांबता पुढे नेतात. केटल पद्धतीत एका वेळी एकच घाणा. काप जाड ठेवतात आणि बहुतेक वेळा धूत नाहीत. थंड काप पडले की तेलाचा ताव उतरतो, हळूहळू पुन्हा चढतो आणि तोवर कोणीतरी किंवा यंत्र ते ढवळत राहते. सावकाश तळण आणि न धुतलेला पिठूळ अंश, यांतून तो कडकपणा येतो. अमेरिकेत केप कॉड नावाच्या कंपनीने १९८० पासून असे चिप्स विकले आणि जुनी पद्धत नव्याने महाग झाली. आपल्याकडे वेफर्सच्या दुकानात भट्टीवर कढई ठेवून घाणा काढणारा कारागीर वर्षानुवर्षे हेच करतो आहे. त्याच्या पुडीवर कोणी इंग्रजीत काही छापले नाही, एवढेच.

पण कढईतले म्हणजे हलके, असा समज होतो. तो खरा नाही. कच्च्या बटाट्यात पाऊण भागाहून जास्त पाणी आणि चरबी जवळजवळ शून्य. तळताना पाणी जाते, तेल आत शिरते. किलोभर चिप्सना साधारण चार किलो बटाटे लागतात ते यामुळेच. आमच्या पाकिटावर दर १०० ग्रॅममागे सुमारे ३० ग्रॅम चरबी आणि ५२० कॅलरी लिहिल्या होत्या. साध्या चिप्सचे आकडेही याच्याच आसपास असतात. घटकांच्या यादीत जो पदार्थ वजनाने जास्त तो आधी लिहावा लागतो. इथे पहिला बटाटा, दुसरे पामोलिन तेल, तिसरी साखर. मिरची बरीच खाली, साखर आणि मीठ दोन्हींच्या मागे. पुढे ६२७ आणि ६३१ हे क्रमांक होते. ते विष नव्हे, घाबरू नका. जिभेला चव भरून वाटावी म्हणून घालतात. हात का थांबत नाही, याचे थोडे उत्तर तिथेही आहे.

आता मीठ. पाकिटावर मीठ म्हणून लिहीत नाहीत, सोडियम लिहितात. त्या आकड्याला अडीचने गुणले की मीठ कळते. आमच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ७०० मिलिग्रॅम सोडियम होते, म्हणजे पावणेदोन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमच्या आत मीठ खायला सांगते. एक चहाचा चमचा, सपाट. त्यातच भाजी, वरण, भाकरी सगळे आले. लहान मुलांना त्याहून कमी. बीपीच्या माणसाने अर्धे पाकीट संपवले तर चिमूटभर लोणचे टाळून काय मिळवले?

आणखी एक गोम आहे. पाकिटावर ‘एका वेळचे’ म्हणून ३० ग्रॅमचे वेगळे आकडे असतात आणि ते बघायला बरे वाटतात. मी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याच्या काट्यावर ३० ग्रॅम मोजून पाहिले. पंधरा चिप्स भरले. पंधरावर थांबणारे मूल मला अजून भेटायचे आहे. जादा चरबी, मीठ आणि साखरेचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असा २०२० चा नियम आहे. आमच्या इथली टपरी फाटकापासून वीस पावलांवर आहे आणि दोरीला लटकलेली पाकिटे वर्गाच्या खिडकीतून दिसतात.

पूर्वी इंग्लंडमध्ये चिप्स बिनमिठाचे विकत. पाकिटात निळ्या कागदाची मिठाची छोटी पुडी असे, खाणारा आपल्या हाताने घाली. मला ही रीत फार आवडली. गेल्या रविवारी घरी पाव किलो बटाटे किसणीवर जाडसर कापले, न धुता फडक्यावर कोरडे केले, मध्यम आचेवर एकाच घाण्यात तळले. ढवळत राहावे लागते, नाहीतर चिकटतात. जास्त काळपट झाले ते बाजूला टाकले. मीठ घातलेच नाही. आईच्या वाटीत नुसती मिरपूड आणि चिमूटभर आमचूर. तेल काही कमी झाले नाही, म्हणून तिला आठ-दहाच दिले.

भाचीने पुडी स्वतः बांधली: मीठ, लाल तिखट, थोडी पिठीसाखर. चव पाकिटासारखी नाही आली, असे तिचे मत पडले. मग आणखी मीठ मागितले. मी डबा तिच्यापुढे ठेवला आणि चमचा मात्र माझ्या हातात ठेवला.