वर्गातलं घरापर्यंत कसं पोचतं?

रात्री साडेनऊच्या सुमाराला दुसरी ‘ब’च्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर निरोप पडतो : ‘उद्या शनिवार. सकाळची शाळा. पी.टी.चा गणवेश. येताना चार्ट पेपर व फेव्हिकॉल आणणे.’ पाठोपाठ जोडलेल्या हातांची रांग लागते, मग ‘ओके मॅम’, मग कुणाच्या तरी आजोबांचं गुलाबाच्या फुलासकट शुभ रात्री. मध्येच एक आई विचारते, चार्ट पेपर कुठल्या रंगाचा? उत्तर येईपर्यंत स्टेशनरीचं दुकान बंद झालेलं असतं.

शहरातल्या इंग्रजी शाळेपासून वाडीवरच्या द्विशिक्षकी शाळेपर्यंत हे चित्र आता सगळीकडे दिसतं. शाळा आणि घर यांच्यात इतक्या निरोपांची ये-जा पूर्वी कधी नव्हती. तरीही त्याच ग्रुपमधल्या एखाद्या आईला विचारावं, की मुलाला हातच्याची वजाबाकी जमते का, वर्गात तो कुणाशेजारी बसतो, बाईंनी प्रश्न विचारला तर हात वर करतो का? बहुतेकदा उत्तर येतं, ‘विचारलं तर काही सांगतच नाही हो!’ गणवेशाचा रंग घरी पोचतो, मूल मात्र वर्गातच राहतं.

खरं तर पालकांना मुलाबद्दल सांगणं हे शिक्षकाचं कायद्याने नेमून दिलेलं काम आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा २००९चा कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला. त्याच्या २४व्या कलमात शिक्षकांच्या कर्तव्यांची यादी आहे. वेळेवर शाळेत येणं, अभ्यासक्रम वेळेत पुरा करणं यांच्याच पंक्तीला तिथे पालकांच्या नियमित सभा घेण्याचं कर्तव्य आहे. या सभांमध्ये मुलाची हजेरी, त्याची शिकण्याची क्षमता, त्याने केलेली प्रगती आणि त्याच्याविषयीची इतर आवश्यक माहिती पालकांना द्यायची आहे. पालकसभा म्हणजे सहलीचे पैसे आणि स्नेहसंमेलनाचे कपडे ठरवण्याची बैठक, असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही.

त्याच कायद्याच्या २१व्या कलमाने सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये शाळा व्यवस्थापन समिती आली. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. कागदावर ही मोठीच गोष्ट. प्रत्यक्षात समितीची बैठक पाण्याची टाकी, पोषण आहाराचा तांदूळ, पत्र्याची गळती आणि आलेलं अनुदान यांतच संपते. खासगी शाळांत २०११च्या शुल्क विनियमन कायद्याने पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती बंधनकारक केली. तिथे सगळी शक्ती फीवर खर्ची पडते. दोन्हीकडचे विषय महत्त्वाचे आहेत, यात शंका नाही. फक्त तिसरीतली एखादी मुलगी धडा वाचताना जोडाक्षर आलं की का थांबते, हा प्रश्न दोन्हीकडे कुणाच्याच अजेंड्यावर येत नाही.

मग तो प्रगतिपुस्तकात येतो का? यायला हवा, अशी योजना होती. २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन सुरू झालं. पहिली-दुसरीला शंभरातले सत्तर गुण आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे रोजचं निरीक्षण, तोंडी काम, कृती, प्रकल्प, वर्गकार्य यांचे. सत्राअखेरच्या परीक्षेला उरले फक्त तीस. गुणांच्या जागी श्रेणी आल्या, आणि शेजारी शिक्षकाने स्वतःच्या शब्दांत भरायचे रकाने आले : विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक.

कल्पना उत्तम. पण एका बाईंसमोर चाळीस मुलं, प्रत्येकाचे सात-आठ विषय, त्यात ऑनलाइन माहिती भरणं, पोषण आहाराची नोंदवही, निवडणुकीची ड्यूटी. थोड्याच काळात तयार वर्णनात्मक नोंदींच्या पीडीएफ शिक्षकांच्या ग्रुपवर फिरू लागल्या. ‘दैनंदिन व्यवहारात भाषेचा योग्य वापर करतो’, ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होते’, ‘हस्ताक्षर सुधारणे आवश्यक’. चाळीस प्रगतिपुस्तकांत हीच दहा-बारा वाक्यं आळीपाळीने उतरतात. वडील त्यांवर नजर फिरवतात आणि सही करून पुस्तक दप्तरात परत टाकतात. ‘अ-२’ म्हणजे ८१ ते ९० टक्के, हे त्यांना कुणीतरी समजावून सांगितलेलं असतं. त्यापलीकडे हाती काही लागत नाही. शिक्षकांना नावं ठेवणं सोपं आहे, पण इतके रकाने मनापासून भरायला वेळ कुठून काढायचा, याचं उत्तर वरच्या कार्यालयांतही कुणाकडे नाही.

अलीकडच्या काळात याहून कितीतरी चांगलं घडलं ते एका मेळाव्यात. पहिलीत येऊ घातलेल्या मुलांसाठी राज्याने २०२२मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू केलं. ‘प्रथम’ ही संस्था त्यात सोबत होती. शाळेच्या पटांगणात किंवा व्हरांड्यात सात टेबलं मांडली जातात. पहिल्यावर नावनोंदणी. पुढच्यांवर शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक विकास, भाषा आणि गणनपूर्व तयारी. शेवटच्या टेबलावर आईशी बोलणं. मुलाच्या हातात एक विकासपत्र असतं, आणि प्रत्येक टेबलावर त्यात काय जमलं, काय मदतीने जमलं याची नोंद होते. आई या सगळ्या वेळात मुलाच्या शेजारी उभी असते. मर्म आहे ते यातच.

पाच-साडेपाच वर्षांची मुलगी आखलेल्या रेषेवरून तोल सांभाळत चालते, कागद फाडून चित्रात चिकटवते, चित्रातली म्हैस बघून भडाभडा बोलते. पुढच्या टेबलावर ‘अंक म्हण’ म्हटल्यावर एका दमात वीसपर्यंत जाते. आईचा चेहरा फुलतो. मग टेबलावरच्या ताई चिंचोक्यांचा ढीग पुढे सरकवून म्हणतात, ‘यातले सात मला दे.’ मुलगी मूठभर उचलून देते. अंकांची माळ पाठ असणं वेगळं आणि सात म्हणजे किती हे कळणं वेगळं, हे त्या आईला व्याख्यानाविना समजलेलं असतं. घरी गेल्यावर काय करायचं तेही कळलेलं असतं : भाकरी मोजायच्या, वाट्या मोजायच्या, शेंगा मोजायच्या. अभियानात आळीतल्या, वाडीतल्या आयांचे छोटे गट केले गेले आणि दर आठवड्याला करायच्या कृतींचे व्हिडिओ फोनवर पाठवले जाऊ लागले. ज्या आईने मेळाव्यात चिंचोके पाहिले, तिला तो व्हिडिओ कशासाठी आहे हे माहीत असतं. जी आलीच नव्हती, तिच्यासाठी तो आणखी एक फॉरवर्ड.

पालकांच्या डोळ्यांदेखत शिकवण्याची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. ताराबाई मोडक १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम घेऊन गेल्या. वस्तीवरची मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच वस्तीवरच्या अंगणात नेली. तिथूनच अंगणवाडी उभी राहिली. पुढे कोसबादच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवल्या. अंगणात भरणाऱ्या वर्गात काय चाललंय, हे घरच्यांना वेगळं कळवावं लागत नव्हतं. दारात बसून निवडणं-टिपणं करणाऱ्या बाईला ते दिसतच होतं.

आजची बहुतेक मुलं अशा अंगणात शिकत नाहीत, त्यामुळे वर्गातलं घरी नेण्यासाठी काहीतरी साधन लागतंच. कुठलं साधन खरंच उपयोगी पडतं, याचा एक चांगला पुरावा आला आफ्रिकेतल्या बोट्स्वानातून. कोविडमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तिथे सुमारे साडेचार हजार कुटुंबांबरोबर एक प्रयोग झाला. काही घरांना दर आठवड्याला गणिताची उदाहरणं एसएमएसने पाठवली. काही घरांना एसएमएसबरोबर आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटांचा फोनही केला. फोनवर आई किंवा वडील आणि मूल दोघंही असायची. नुसत्या एसएमएसने शिकण्यात ठळक फरक पडला नाही. फोन झालेल्या घरांतल्या मुलांचं गणित सुधारलं, आणि मुलाला नेमकं काय येतं याचा पालकांचा अंदाजही खरा ठरू लागला. पुढे भारतासह आणखी पाच देशांत हाच प्रयोग करून पाहिला गेला.

अमेरिकेतल्या मॅथ्यू क्राफ्ट आणि टॉड रॉजर्स यांचा २०१५चा अभ्यास मोठ्या मुलांचा आहे, उन्हाळी वर्गात राहिलेला विषय सोडवणाऱ्यांचा. पण त्यातली गोष्ट प्राथमिक शाळेलाही लागू पडावी अशी आहे. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा घरी फक्त एक वाक्य कळवायचं, तेही त्या एका मुलाबद्दल. एवढ्यावर नापास होणाऱ्यांचं प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आलं. ‘छान चाललंय’ या शाबासकीपेक्षा पुढे काय सुधारायचं ते सांगणारं वाक्य जास्त उपयोगी पडलं, हेही त्यांना दिसलं.

पहिली ते चौथीच्या बाईंना चाळीस पालकांना दर आठवड्याला फोन करणं जमणार नाही. रोज दोन मुलं धरली, तर महिन्याभरात वर्ग पुरा होतो. ‘आज त्याने पहिल्यांदाच न अडखळता अख्खा उतारा वाचला, घरी एकदा वाचून घ्या’, एवढा निरोप पुरे. असं एक वाक्य वर्षाकाठी तीन-चार वेळा मिळालेल्या आईकडे प्रगतिपुस्तकापेक्षा जास्त माहिती असते.

अशा माहितीची गरज किती आहे, हे ‘असर’च्या पाहणीतून दिसतं. ‘प्रथम’च्या पुढाकाराने २००५पासून होणाऱ्या या पाहणीत स्वयंसेवक घरी येऊन मुलाला एक कागद वाचायला देतात : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. २०२४मध्ये देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या २३.४ टक्के मुलांनाच ती गोष्ट वाचता आली. हा कागद पाहायला घरातली मंडळी भोवती जमतात आणि चौथीतला नातू परिच्छेदावर अडकला की आजी चकित होते. तोवर ती समजत असते की दरवर्षी वर्ग पुढे सरकतोय म्हणजे वाचायला येतंच आहे.

ग्रुपचा फायदा आहे तसा त्याचा धोकाही आहे. अमक्याने गृहपाठ केला नाही, तमका उशिरा आला, असं नावानिशी ग्रुपवर टाकणं म्हणजे एका सात वर्षांच्या पोराची चाळीस घरांत चर्चा लावून देणं. शाबासकीचा निरोप ग्रुपवर चालतो, तक्रार एकट्या पालकाच्या फोनवरच जावी. फोटोंचंही तेच. खिचडी खातानाचा, भिजलेल्या गणवेशातला, रडवेला फोटो ग्रुपमधून बाहेर कुठवर जाईल हे बाईंच्या हातात राहत नाही. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळणीयोग्य संमती घेण्याची तरतूद आहे. कायदा असो नसो, जूनमध्येच एका कागदावर ही परवानगी विचारून ठेवणं शहाणपणाचं.

आणि ज्या घरात फोन दिवसभर बापाबरोबर कामावर असतो, तिथे ग्रुप असून नसल्यासारखाच. २०२०च्या टाळेबंदीत हे लख्ख दिसलं. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत अभ्यास व्हॉट्सॲपवर आला आणि मुलाच्या हाती तो रात्री आठनंतर पडू लागला. नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ आणि सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली ती अशाच घरांसाठी.

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमाराला कुटुंबं ऊसतोडीला निघतात आणि उन्हाळ्यात परततात. मूल बरोबर गेलं तर त्याच्यासोबत शिक्षण हमी पत्रक देण्याची पद्धत आहे, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेतल्या गुरुजींना मूल कुठल्या वर्गात आहे, त्याला काय येतं, हे कळतं. मूल मागे राहिलं तर ते हंगामी वसतिगृहात नाहीतर आजीकडे असतं, आणि पालकसभेला येते ती आजी. तिच्या हातात छापील पत्रक देऊन उपयोग नसतो. तिच्यासमोर नातीची वही उघडून जूनचं पान आणि डिसेंबरचं पान शेजारी शेजारी दाखवलं, की अक्षर ओळीत आलंय हे तिला वाचता येत नसतानाही दिसतं, आणि मग रात्री नात किती वाजता झोपते, सकाळी काही खाऊन येते का, आईबापाची आठवण काढून रडते का, हे ती आपणहून सांगते. शिक्षकाला यातलं बरंचसं माहीत नसतं. मात्र सभा दुपारी बाराला ठेवली तर आजीचा रोज बुडतो. म्हणून काही शिक्षक ती आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवतात. त्या दिवशी तसंही कुणी शेतावर जात नाही.