खारा वारा आणि घरांतील एसी

समुद्रकांठच्या घरांत ज्यांचें आयुष्य गेलें आहे, त्यांना खाऱ्या वाऱ्याचे प्रताप नव्यानें सांगावयास नकोत. दाराच्या बिजागऱ्या, खिडक्यांचे गज, रहाटाची साखळी, सर्वांवर त्याची खूण उमटलेली असते. अलीकडे या यादींत घरांतील एसीची भर पडली आहे. आणि ही वस्तू बिजागरीप्रमाणें चार पैशांत बदलून मिळत नाहीं.

दापोली तालुक्यांतील मुरुड येथें आमचें घर आहे. मातोश्रींचें वय ऐंशीच्या पुढें, त्यांतून दम्याचा विकार. वैशाखांतील रात्री त्यांना असह्य होऊं लागल्या, म्हणून पांच वर्षांपूर्वीं त्यांच्या खोलीकरितां एसी घेतला. बाहेरचें यंत्र बसविणारानें आपल्या सोयीनें पश्चिमेच्या भिंतीवर, थेट समुद्राकडे तोंड करून बसविलें. पावसानें खराब होऊं नये म्हणून आम्हींच हौसेनें त्यावर झापांचा आडोसा केला. दुसऱ्या उन्हाळ्यांत थंडावा कमी झाला. कारागीर आला, ‘गॅस संपला’ म्हणाला, आणि भरून पैसे घेऊन गेला. कांहीं महिन्यांनीं पुन्हा तोच प्रकार. तिसऱ्या वर्षीं ऐन मे महिन्यांत यंत्र अजीबात थकलें, आणि मातोश्रींना लागोपाठ चार रात्री अंगणांत खुर्चीवर बसून काढाव्या लागल्या. तेव्हां वडील बंधूंनीं समोर उभें राहून यंत्राचें झांकण काढविलें. आंतील ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे बोट लावतांच पिठासारखे गळूं लागले.

येथें एक गोष्ट प्रत्येक गृहस्थानें मनाशीं पक्की धरावी. एसींतील गॅस दिव्यांतील तेलासारखा जळून संपत नाहीं. तो बंद नळ्यांतून अखंड फिरत असतो. तो कमी झाला याचा अर्थ कोठेंतरी छिद्र पडलें आहे. छिद्र न शोधतां गॅस भरणें म्हणजे फुटक्या घागरींत पाणी ओतणें. शिवाय आजच्या बहुतेक नव्या यंत्रांत असणारा आर-३२ हा गॅस थोडाबहुत ज्वालाग्राही आहे, आणि हवेंत सुटल्यास उष्णता कोंडण्याच्या कामीं तो तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें ६७५ पट प्रभावी ठरतो.

आतां हा नाश होतो कसा तें पाहूं. लाट फुटते तेव्हां तिच्या फेंसांतील असंख्य बुडबुडे फुटून खाऱ्या पाण्याचे सूक्ष्म कण वाऱ्यावर चढतात. किनाऱ्यालगतच्या कांहींशें पावलांत त्यांचा मारा सर्वांत अधिक असतो. एसीचा पंखा तासन् तास ही हवा पत्र्यांमधून ओढतो, म्हणजे यंत्र मिठाची चाळणच होऊन बसतें. पावसाळ्यांत मिठाच्या बरणीला पाणी सुटतें हें आमच्या भगिनींना ठाऊक आहेच. शुद्ध मिठाला हवेंतील आर्द्रता सुमारें पाऊणशें टक्क्यांवर गेली कीं पाणी सुटतें. पण समुद्राच्या क्षारांत मिसळलेलें मॅग्नेशियम क्लोराइड तेहेतीस टक्क्यांच्या आसपासच ओलावा ओढूं लागतें. कोंकणची हवा एवढी कोरडी क्वचितच होते. पाऊस नसला तरी पत्र्यांवरील हा थर पुष्कळसा वेळ ओलसरच राहतो.

त्यांत भर अशी कीं, पुष्कळशा यंत्रांत नळी तांब्याची आणि पत्रे ॲल्युमिनियमचे असतात. दोन भिन्न धातु एकमेकांस चिकटून खाऱ्या ओलाव्यांत राहिले कीं त्यांची एक लहानशी विद्युत्-बॅटरीच तयार होते, आणि हलका धातु दुसऱ्यासाठीं झिजतो. सर हंफ्रे डेव्ही यानें १८२४ सालीं याच तत्त्वाचा उपयोग करून इंग्रजी आरमाराच्या तांबें मढविलेल्या गलबतांना लोखंड व जस्त यांचे तुकडे जोडले होते. तांबें वांचलें खरें, पण तें विरघळेनासें झाल्यामुळें गलबतांच्या बुडाला शेवाळ व शिंपले खुशाल चिकटूं लागले! आमच्या यंत्रांत ॲल्युमिनियम हें असेंच तांब्यासाठीं खर्ची पडतें. पत्रे गेले कीं उष्णता बाहेर पडत नाहीं, विजेचें बिल फुगतें. पुढें त्याच क्षारानें नळीलाही, विशेषतः सांध्यांशीं, छिद्रें पडूं शकतात.

आमचा आडोसा येथें आमच्यावरच उलटला. पाऊस हा यंत्राचा शत्रु नव्हे. तो फुकटांत मीठ धुऊन नेतो. छपराखालीं दडलेल्या धातूवर मीठ येतें तें तसेंच सांचून राहतें. प्लॅस्टिक गुंडाळून ठेवणें तर त्याहून वाईट, कारण ओलावा आंत कोंडतो.

नवें यंत्र घेतांना केवळ पत्र्यांच्या निळ्या रंगावर भुलूं नये. तो लेप बऱ्याच वेळां मुख्यतः पाणी चटकन् ओघळावें म्हणून असतो. अगदीं किनाऱ्यावर राहणारांनीं नळ्या, सांधे व पत्रे या सर्वांवर कारखान्यांतच पक्का लेप चढविलेलें यंत्र मागावें, आणि खाऱ्या हवेनें झालेल्या गंजाची हमी आहे कीं नाहीं तें लेखी विचारावें. पुष्कळ हमीपत्रांतून ती बारीक अक्षरांत वगळलेली असते. यंत्र समुद्राकडे पाठ असलेल्या भिंतीवर बसवावें, मात्र त्याची गरम हवा मोकळी जाईल अशा जागीं.

धुण्याचें काम घरचें कोणीही करूं शकतें. मेन स्विच बंद करावा. रबरी नळीनें, वरून खालीं, हलक्या धारेनें पत्रे धुवावे. विजेच्या पेटीवर पाणी जाऊं देऊं नये. जोराच्या फवाऱ्यानें पत्रे वांकतात. कारागीर तेजाबाचें किंवा कॉस्टिकचें औषध मारूं म्हणाला तर नको म्हणावें. त्यानें लेपच निघतो. आणि पाणी गोडें हवें. आमच्या विहिरीचें पाणी चैत्रापासून मचूळ होतें. त्यानें धुणें म्हणजे मिठावर मीठ चढविणें.

यंत्राखालच्या लोखंडी ब्रॅकेटकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. बाहेरच्या यंत्राचें वजन तीस किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतें. मुंबईंत चौथ्या-पांचव्या मजल्यावर, रस्त्याच्या माथ्यावर तें दोन गंजलेल्या बोल्टांवर लटकत असेल, तर प्रश्न थंडाव्याचा उरत नाहीं. ब्रॅकेट जस्त चढविलेला, बोल्ट उत्तम स्टेनलेस पोलादाचे, आणि वर्षांतून एकदां जाणत्या माणसाकडून तपासणी, एवढा खर्च टाळूं नये.

आमचें नवें यंत्र आतां परसाकडील पूर्वेच्या भिंतीवर आहे. दसरा झाला कीं मृगापर्यंत दर दुसऱ्या रविवारीं तें धुण्याची पाळी पुतण्यांची. कोणी चुकला तर वहिनी दुधाच्या हिशेबाशेजारीं कॅलेंडरवर त्याचें नांव लिहून ठेवतात. गेल्या वैशाखांत मातोश्री आपल्या खोलींतच झोंपल्या. रात्रीं दोन वाजतां हांक मारून त्यांनीं गोधडी मागितली.