तेल गळतंय कुठून?

माझदाची एमएक्स-५ ही दोन सीटची स्पोर्ट्स कार १९८९ मध्ये बाजारात आली. पहिल्या पिढीच्या या गाड्यांखाली आता इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यापाशी तेलाचे डाग दिसतात. संशय लगेच क्रँकशाफ्टच्या मागच्या ऑइल सीलवर जातो. ते बदलायचं म्हणजे गिअरबॉक्स उतरवणं आलं! पुष्कळदा ही चोर सोडून संन्याशाला फाशी ठरते.

तेल खाली ओघळतं आणि गाडी पळताना वाऱ्याने मागे सरकतं. म्हणून शोध डागाच्या वर आणि पुढे घ्यायचा. या गाडीत सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला कॅम अँगल सेन्सर असतो. त्याची रबरी ओ-रिंग उष्णतेने चपटी, कडक होते; नख रुतत नाही. तिथून निसटलेलं तेल इंजिनच्या पाठीवरून थेट त्या सांध्यावर उतरतं.

आधी इंजिन स्वच्छ करा. तेलात अतिनील प्रकाशात चमकणारा रंग मिसळा, गाडी थोडी फिरवा, मग अंधारात अतिनील टॉर्च मारा. चमकती रेघ उगमापर्यंत नेते. इंजिनच्या आतले वायू बाहेर काढणारा पीसीव्ही व्हॉल्वही पाहा. तो तुंबला की आतला दाब धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर ढकलतो.

ओ-रिंग बदलायला सेन्सर सैल करण्यापूर्वी त्याच्या जागेवर खूण मात्र करून ठेवा, नाहीतर इग्निशन टायमिंग बिघडेल.