नांदायला न गेलेली डॉक्टरीण

आखाजी जवळ आली की आपल्या खानदेशातल्या सासुरवाशिणींचे डोळे माहेरच्या वाटेला लागतात. निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात, भाऊ बहिणीला आणायला निघतो. त्या दिवसांत नरडाण्याच्या स्टेशनावर गाडी थांबली की हातात पिशवी आणि कडेवर लेकरू घेतलेल्या लेकीबाळी घाईघाईने उतरताना दिसतात. मोठा आनंदाचा सण!

पण याच आखाजीच्या मुहूर्तावर लग्नेही उरकली जातात. त्यातली एखादी नवरी अशी असते, की तिचा दहावीचा निकालसुद्धा लागायचा असतो. स्थळ चांगले आहे, शेती बागायती आहे, मुलगा निर्व्यसनी आहे, हे सगळे पाहिले जाते. एक गोष्ट मात्र राहून जाते. पोरीला कुणी विचारलेले नसते.

हाच प्रश्न आपल्या मराठी मुलखातल्या एका मुलीने सव्वाशे वर्षांहून आधी थेट मुंबईच्या हायकोर्टात उभा केला होता. पुढे तीच मुलगी डॉक्टर झाली. नरडाण्याहून पश्चिमेला निघालेली गाडी शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार, नवापूर करीत सुरतेला पोहोचते. आपल्या गावांतली किती तरी माणसे तिथे कापडाच्या धंद्यात कामाला गेलेली आहेत. त्याच सुरतेत ही बाई बावीस वर्षांच्या आसपास बायकांच्या दवाखान्याची मुख्य डॉक्टर होती. तिचे नाव डॉ. रखमाबाई.

अकराव्या वर्षी लग्न

रखमाबाईचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. घर सुतार समाजाचे. ती अगदी लहान असतानाच वडील जनार्दन पांडुरंग वारले. आई जयंतीबाई ऐन तरुणपणी विधवा झाली. त्या समाजात विधवेला दुसरे लग्न करण्याची मुभा होती. जयंतीबाईंनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केले. पहिल्या नवऱ्याकडून आलेली मालमत्ता त्यांनी लेकीच्या नावावर करून दिली.

त्या काळच्या रिवाजाप्रमाणे अकराव्या वर्षी रखमाबाईचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी लागले. जावयाने सासरीच राहावे, शिकावे, कर्तबगार व्हावे, असे ठरले होते. जावयाचे शिकण्यात मन रमले नाही आणि ते आपल्या मामाकडे राहायला गेले. रखमाबाई मात्र आईच्या घरीच राहिली. सावत्र वडील डॉक्टर. घरी शिकल्यासवरल्या माणसांची ये-जा. शाळा सुटली होती, तरी मिशनच्या वाचनालयातून पुस्तके आणून ती घरीच वाचत असे. वय वाढले तशी समजही वाढली. ज्या माणसाशी बालपणी आपली गाठ मारली गेली, त्याच्या घरी नांदायला जायचे नाही, असे तिने मनाशी पक्के केले.

कोर्टाची पायरी

१८८४ साली दादाजींनी वकिलाची नोटीस पाठवली आणि बायकोने नांदायला यावे म्हणून हायकोर्टात दावा लावला. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथे तर एकोणीस-वीस वर्षांच्या पोरीला ती चढावी लागली. तिचे म्हणणे साधे होते. हे लग्न झाले तेव्हा मला कळत नव्हते, माझी संमती कुणी घेतली नव्हती, तेव्हा ते माझ्यावर लादता येणार नाही.

१८८५ च्या सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्हे यांनी तिच्या बाजूने निकाल दिला. ही दोघे कधी एकत्र नांदलीच नाहीत, मग बाईला तिच्या मनाविरुद्ध त्या घरी पाठवणे हे क्रूरपणाचे होईल, असे त्यांचे मत पडले. पण एवढ्यावर भागले नाही. दादाजींनी अपील केले, दावा पुन्हा उभा राहिला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा निकाल दिला. महिनाभरात नवऱ्याच्या घरी जा, नाही तर सहा महिन्यांपर्यंत तुरुंगात जावे लागेल!

रखमाबाई काय म्हणाली असेल? तिने सांगून टाकले, की मी तुरुंगात जाईन, पण त्या घरी जाणार नाही.

आजही बाईमाणसाला पोलीस ठाण्याची पायरी चढायची म्हटले की घरादाराला कापरे भरते. त्या काळात बावीस वर्षांच्या बाईने असे म्हणावे, याची नुसती कल्पना करून पाहा. देशभर गदारोळ उठला. सरकारी कायद्याने आमच्या धर्मात आणि घरात हात घालू नये, असे म्हणणारे पुष्कळ होते. लोकमान्य टिळकांच्या ‘केसरी’नेही तिच्या विरोधात लिहिले. दुसऱ्या बाजूला बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक आणि मुंबईच्या कामा हॉस्पिटलातल्या डॉ. एडिथ पीची तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. दरम्यान, एप्रिल १८८५ मध्ये सावत्र वडील वारले होते. घरातला कर्ता आधार गेला, तरी ती डगमगली नाही. ‘टाइम्स ऑफ इंडिया’त ‘एक हिंदू स्त्री’ अशा टोपणनावाने तिने बालविवाहाबद्दल पत्रे लिहिली. बालपणीच्या लग्नाने मुलीचे शिक्षण कसे तुटते आणि तिचा सारा जन्म कसा बांधला जातो, हे तिने स्वतःच्या अनुभवाने मांडले.

अखेर जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. ते तुरुंगाचे संकट टळले. पण लक्षात घ्या, कायद्याने तिला न्याय दिला नव्हता. तिला आपली सुटका पैसे मोजून करून घ्यावी लागली.

दवाखाना आणि शेळी

दुसरी कुणी असती, तर आयुष्यभर घरात तोंड लपवून बसली असती. रखमाबाई डॉक्टरी शिकायला विलायतेला निघाली. डॉ. पीची आणि इतर हितचिंतकांनी मदत उभी केली. १८८९ साली ती लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाली आणि १८९४ साली शिक्षण पुरे केले. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, पण परतल्यावर काही महिन्यांतच, फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने गेल्या. त्यांना दवाखाना चालवायला मिळाला नाही. रखमाबाईंच्या नशिबी मात्र पुढली पस्तीस वर्षे रुग्णसेवा होती.

१८९५ साली त्या सुरतेला आल्या. दवाखाना होता, डॉक्टरीण होती, पण बाळंतपणाला बाई येईना! दवाखान्यात गेलेली बाई परत येत नाही, अशी भीती बायाबापड्यांच्या मनात बसलेली. मग रखमाबाईंनी एक युक्ती केल्याची हकीकत सांगितली जाते. त्यांनी एक गाभण शेळी दवाखान्यात आणली आणि तिथेच तिला विऊ दिले. शेळी सुखरूप, करडू सुखरूप. ही बातमी गावभर झाली, आणि हळूहळू बायका दवाखान्याची पायरी चढू लागल्या. शेळीची भाषा आपल्या माणसांना लगेच कळते, हे त्या शहाण्या बाईने बरोबर ओळखले होते.

सुरतेनंतर त्यांनी राजकोटच्या बायकांच्या दवाखान्यात काम केले. १९२९-३० च्या सुमारास त्या निवृत्त झाल्या, तेव्हाही लेखणी खाली ठेवली नाही. बाईला पडद्याआड कोंडण्याच्या चालीविरुद्ध त्यांनी पुस्तिका लिहिली. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही. २५ सप्टेंबर १९५५ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी त्या गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात हिंदू विवाह कायदा लागू झाला होता. एकाच नवऱ्याला एकच बायको, आणि न पटल्यास घटस्फोटाची वाट, ही दोन्ही त्या कायद्याने दिली. ज्या वाटेसाठी रखमाबाई एकट्या उभ्या राहिल्या, ती वाट उघडलेली पाहूनच त्यांनी डोळे मिटले.

कायदा बदलला, पण

रखमाबाईंच्या खटल्याने उठलेली धूळ वाया गेली नाही. १८९१ साली संमतीवयाचा कायदा झाला. मुलीचे दहाचे वय बारा झाले. १९२३ साली नांदायला न येणाऱ्या बाईला तुरुंगात घालण्याची तरतूद निघून गेली. १९२९ च्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय चौदा केले. १९७८ पासून मुलीला अठरा आणि मुलाला एकवीस पूर्ण हवीत. २००६ च्या कायद्याने तर बालविवाह लावणारा, जुळवणारा, त्यात सहभागी होणारा, सगळेच गुन्हेगार ठरतात.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी शंभरात जवळजवळ बावीस जणींचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. म्हणजे आपल्या गावातल्या दर पाच बायांमागे एक!

आईबापही कठोर काळजाचे नसतात. ऊसतोडणीला किंवा सुरतेला कामाला जायचे, पोर एकटी घरी कशी ठेवायची? वय वाढले की हुंडा वाढतो, ही धास्ती वेगळीच. ही सारी कारणे खरी आहेत. पण आपण शेतकरी माणसे. कालवड पुरती भरल्याशिवाय तिला फळवायची घाई कोण करतो? अंग भरू देतो, चारापाणी देतो, वाट पाहतो. मग पोटच्या पोरीची घाई का? तिचे कटीचे हाड पुरते वाढलेले नसते, अंगात रक्त कमी असते. मग बाळंतपण अडते आणि मूलही कमी वजनाचे होते. जनावराला जे धीराने मिळते, ते लेकीला का मिळू नये?

गावात बालविवाह ठरतोय असे कळले, तर ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांना सांगावे. गावपातळीवर हा विवाह थांबवण्याची जबाबदारी त्यांचीच आहे. अंगणवाडीताईंकडेही बोलता येते. नाही तर १०९८ हा मुलांसाठीचा फोन नंबर लावावा, पैसे पडत नाहीत.

या आखाजीला लेकी माहेरी येतील, झोक्यावर बसतील. त्यांच्याजवळ त्यांची लहान भावंडे, भाच्या, पुतण्या असतील. कुणाच्या लग्नाची गोष्ट निघालीच, तर माय-बहिणींनो, त्या पोरीला जवळ घ्या आणि विचारा, तुला काय वाटते गं? सुरतेच्या त्या डॉक्टरीणबाईला हा प्रश्न वेळेवर कुणी विचारला असता, तर तिला चार वर्षे कोर्टात काढावी लागली नसती.