ओंजळभर जवळा आणि रताळ्याचा पाला

मागच्या वर्षीची गोष्ट. आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताईंची दीड वर्षाची नात फारच रोडावली होती. मी मोठ्या मनानं दुधाच्या पावडरीचा डबा त्यांच्या हाती ठेवला. पंधरा दिवस बरे गेले. मग डबा पुरवायचा म्हणून ताई पावडर निम्मी नि पाणी दुप्पट घालू लागल्या. डबा संपला, पोर होती तशीच!

माझं कुठं चुकलं ते कळलं व्हिएतनामची एक हकिगत वाचल्यावर. मैत्रिणींनो, तीच आज सांगते.

पहिल्या महायुद्धानंतर शत्रुराष्ट्रांतली मुलंही उपाशी राहू नयेत, म्हणून एग्लंटाइन जेब आणि त्यांची बहीण डोरोथी बक्स्टन यांनी १९१९ साली लंडनमध्ये ‘सेव्ह द चिल्ड्रन’ ही संस्था काढली. डिसेंबर १९९० मध्ये तिच्या अमेरिकेतल्या शाखेनं जेरी स्टर्निन यांना व्हिएतनाममध्ये पाठवलं. सोबत पत्नी मोनिक आणि लहान मुलगा. तिथल्या सरकारनं बजावलं, ‘सहा महिन्यांत काही करून दाखवा, नाहीतर परत जा.’ हाताशी पैसा थोडा आणि काम डोंगराएवढं.

उत्तर गावातच होतं

थान्ह होआ प्रांतातल्या चार गावांपासून सुरुवात झाली. गावच्याच बायकांनी तीन वर्षांखालच्या मुलांची वजनं केली. जवळजवळ दोन तृतीयांश मुलं कुपोषित निघाली. आता दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, धाडा पावडरीचे डबे! पण या पतिपत्नींनी वेगळंच विचारलं, “अगदी गरीब घरातलं, तरीही अंगानं चांगलं असं एखादं मूल आहे का?”

होती, अशी मुलं होती! मग बायकाच त्या घरांत जाऊन बसल्या. आई काय शिजवते, किती वेळा भरवते, सगळं पाहिलं. या आया भातखाचरात सापडणारा बारीक जवळा, इवलेसे खेकडे आणि रताळ्याचा पाला मुलांच्या भातात घालत होत्या. हे सगळ्यांनाच फुकट मिळण्यासारखं. पण लहान मुलांना ते सोसत नाही, अशी गावाची समजूत! इतर घरी मुलं दोनदाच जेवत; या आया तेवढाच भात चार-पाच वेळा थोडाथोडा भरवत. जेवणाआधी मुलांचे हात धूत, आणि पोट बिघडलं तरी खाणं तोडत नसत.

ओंजळ घेऊन या

आता हे इतरांना कसं सांगायचं? व्याख्यानं झोडून आपण सुधारतो का? ‘रोज व्यायाम करा’ हे काय आपल्याला ठाऊक नसतं! म्हणून तिथं दोन आठवडे सगळ्या आया एका घरी जमून रांधायच्या आणि आपापल्या मुलांना भरवायच्या. अट एकच : येताना ओंजळभर जवळा, खेकडे किंवा पाला स्वतः गोळा करून आणायचा. दोन आठवड्यांत हाताला वळण पडायचं.

दोन वर्षांत त्या गावांतलं कुपोषण निम्म्याहून अधिक घटलं. पुढे हा उपक्रम शेकडो गावांत गेला. मला सर्वांत मोलाचं वाटलं ते हे, की काही वर्षांनी तपासणी झाली तेव्हा उपक्रमानंतर जन्मलेली धाकटी भावंडंही तशीच सुदृढ आढळली. संस्था निघून गेली, पण आयांचा हात तोच राहिला!

परक्या मुलखात मदत करावी ती अशी. आपणही एखाद्या संस्थेला देणगी देताना दोन गोष्टी जरूर विचाराव्यात : तिथल्या बायकांना तुम्ही आधी काय विचारलंत? आणि तुम्ही गेल्यावर मागे काय उरेल?

मी मात्र सुरुवात स्वयंपाकघरातूनच केली. ताईंना विचारलं, “तुमच्या वस्तीत कुणाचं पोर बाळसेदार आहे हो?”

“शेजारणीचं की, बाई! आमच्यासारखीच आहे ती. पण वरणात शेवग्याचा पाला टाकती, नि पोराला घडीघडी भरवती.”

दीड वर्षं ती शेजारीण भिंतीपलीकडं होती. आम्ही दोघींनी कधी तिला विचारलंच नव्हतं! आता दोघी शेजारणी मिळून वरण शिजवतात. अंगणवाडीत परवा वजन केलं, काटा थोडा पुढे सरकलाय. डबा पुन्हा आणावा लागला नाही.