शब्द सोडा, रंग सांगा

‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापला आहे. तो वाचायचा नाही, फक्त शाईचा रंग सांगायचा. काम पोरखेळाचं वाटतं. पण असे दहा-बारा शब्द ओळीने आले की भलेभले अडखळतात.

जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९३५ साली हे अडखळणं मोजलं. १०० रंगीत चौकोनांचे रंग सांगायला विद्यार्थ्यांना सरासरी ६३ सेकंद लागले. चौकोनांच्या जागी न जुळणारे शब्द येताच ११०. रंग तितकेच स्पष्ट दिसत होते. पण वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की नको म्हटलं तरी शब्द आधी वाचला जातो आणि त्याला बाजूला सारण्यात वेळ जातो.

मला या प्रयोगातली खबरदारी जास्त मोलाची वाटते. चौकोनांचा तक्ता नसता, तर ११० सेकंद जास्त की कमी, हे ठरवणार कशावरून? शिवाय तेच काम पुन्हा करताना सरावाने वेग वाढतो, थकव्याने घटतो. म्हणून स्ट्रूप यांनी निम्म्या विद्यार्थ्यांना आधी चौकोन दिले, निम्म्यांना आधी शब्द. उलट तपासणीही केली. रंगीत शाईतले शब्द नुसते वाचायला सांगितले, तेव्हा काळ्या शाईपेक्षा जेमतेम दोन-सव्वादोन सेकंद जास्त लागले.

घरी करून पाहायचं तर स्केचपेनं आणि मोबाइलमधलं स्टॉपवॉच पुरे. रंग ओळखणाऱ्या, पण अजून वाचता न येणाऱ्या मुलालाही बसवा. शब्द त्याची वाट अडवत नाहीत.